दुसरी गाडी

वेंडेल हलोनेन म्हणाला, "हिला काही झालेलं नाही."
म्हणजे काय काय झालंय ते मीच शोधायचं होतं.

शेवाळी रंगाची, चार दारांची, माझ्या ट्रकशेजारी
ताटाबाहेर सांडलेल्या वाटाण्यासारखी.
दोन लाख अकरा हजार मैल.
खिशातून फ्रिजवरचा चुंबक आणला होता,
तो कडेकडेनं फिरवत गेलो पत्र्यावरून.
तीन ठिकाणी चिकटलाच नाही, घसरून बर्फात पडला.
तिथे पत्रा नव्हता. लांबी भरून वर रंग.
इथलं मीठ!
नोव्हेंबर ते एप्रिल रस्त्यांवर ओततात पोत्यांनी,
माणसं वाचतात,
गाड्या लोणच्यासारख्या मुरतात.

पायाखालचं रबर उचललं
तर ब्रेकशेजारी बंद्या रुपयाएवढं भोक,
त्यातून खालचा बर्फ दिसत होता.
"उन्हाळ्यात वारा येतो," वेंडेल म्हणाला
आणि हसला नाही.
मला तो तेव्हाच आवडला.

अठराशे डॉलर सांगितले. मी खोकलो.
तो सरोवराकडे बघत राहिला, मग मीही.
सिल्व्हर बेच्या धक्क्यावर एक जहाज खनिज भरत होतं.
एवढं लोखंड जातं इथून,
आमच्या वाट्याला गंज.
साडेचौदाशेवर उतरला,
वर बर्फाचे दोन टायर, जॅक,
आणि धुरावलेल्या माशाची एक पुडी,
जी मी मागितली नव्हती.

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला,
हे मला कळत नाही असं नाही.
पण कागदाच्या गिरणीनं पाळी बदलली माझी:
दुपारी तीन ते अकरा.
आयलाला इस्पितळाच्या धुलाईघरात
पहाटे सहाला हजर व्हावं लागतं.

अकरा वर्षं एका ट्रकवर काढली आम्ही.
पहाटे मी इंजिन तापत ठेवायचो,
ती दाराशी बूट आपटून बर्फ झाडायची,
मग टू हार्बर्स ते डुलुथ, अर्धा तास, अंधार,
काचेवर फक्त वायपर.
तिच्या आईचा पाय कापायचा की नाही
ते तिथेच ठरलं.
बेनी लष्करात जातोय हे तिथेच तिनं सांगितलं,
तीन दिवस स्वतःजवळ ठेवून.
भांडणंही तिथेच. उतरता येत नाही ना चालत्या गाडीतून.
लेस्टर नदीचा पूल आला की
ती थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून
न बघता माझ्यापुढे धरायची:
मिटलं.
घरात आम्ही फारसं बोलत नाही.
घरात कामं असतात.

आयला बसली. सीट पुढे ओढली, हीटरची कळ
मागेपुढे केली. "छोटी आहे," म्हणाली.
एवढंच.
लायटरच्या भोकात वीज नाही,
म्हणून तिचा फोन माझ्या ट्रकमध्ये चार्जिंगला लावला
आणि निघालो,
ती पुढे, मी मागे, हायवे एकसष्टवर.

बायको गाडी कशी चालवते
हे मी इतक्या वर्षांत पाहिलंच नव्हतं.
वळणाच्या फार आधीपासून दिवा लुकलुकत ठेवते.
हरणांच्या पाटीपाशी हळू होते, हरीण नसलं तरी.
मग बोगदा आला.
पिवळ्या उजेडात तिच्या मागच्या काचेतून
उजवा हात स्टीअरिंगवरून उठलेला दिसला,
बोटं फिरली हवेत,
ती काही समजावून सांगताना फिरतात तशी.
थांबला हात. पुन्हा उठला.
फोन तर माझ्याशेजारी.

रिकाम्या ट्रकमध्ये मी म्हणालो, "हं."
थोड्या वेळानं, "बरोबर आहे तुझं."

घरी आल्यावर विचारलं नाही.
मासा ओट्यावर ठेवला.
रविवारी त्या भोकावर
जुनी नंबरप्लेट ठोकायची आहे.
आयला म्हणते, राहू दे,
खालचा रस्ता दिसतोय तर दिसू दे.